परदेशी बॉडी किट: पैसे पाठवण्यापूर्वी आणि खोका उघडल्यानंतर

गाडीला परदेशी उत्पादकाचे बॉडी किट, म्हणजे गाडीचे रूप बदलणारे बंपर, स्कर्ट असे बाहेरचे भाग, बसवण्याविषयी गेल्या काही महिन्यांत अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची बरीच पत्रे आली. पूर्वी हा मोठ्या शहरांतला शौक मानला जात असे. आता तालुक्याच्या गावातील तरुणही थेट जपानमधील विक्रेत्याशी पत्रव्यवहार करतात आणि त्यात काही गैर नाही. मात्र पत्रे वाचताना असे दिसले की बहुतेकांनी किटचे चित्र आणि किंमत एवढेच पाहिले आहे. म्हणून या वेळी सदराची सर्व जागा याच विषयाला देत आहे. पत्रे संक्षेपाने दिली आहेत आणि लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे २०१९ च्या अखेरीस घेतलेली स्विफ्ट आहे. जपानमधील एका उत्पादकाचे पुढचा बंपर, दोन साइड स्कर्ट (दारांखालच्या पट्ट्या) आणि मागचा बंपर असे फायबरचे संपूर्ण किट मला फार आवडले आहे. ते 'स्विफ्टसाठी' असल्याचे विक्रेता सांगतो. ते माझ्या गाडीला बसेल का, आणि घरी येईपर्यंत एकूण खर्च किती होईल?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: आपल्या पत्रातील 'स्विफ्टसाठी' या शब्दापाशीच थांबावे लागेल, कारण सगळी गफलत तिथे होते. एकाच नावाची गाडी निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या मापांची विकली जाते. जपानमध्ये छोट्या गाड्यांच्या वर्गात राहायचे तर रुंदी १,७०० मिलिमीटरच्या आत असावी लागते, म्हणून आपल्या पिढीची तिथली साधी स्विफ्ट १,६९५ मिलिमीटर रुंद आहे. आपली गाडी १,७३५ मिलिमीटर रुंद आहे. तिथल्या साध्या स्विफ्टसाठी केलेला बंपर आपल्या गाडीला लावला, तर ही चाळीस मिलिमीटरची तूट दोन्ही फेंडरांपाशी उघडी पडेल आणि ती कितीही पुट्टी भरली तरी झाकणार नाही.

बहुतेक किट मुळात जपानच्या स्विफ्ट स्पोर्टसाठी असतात. २०१७ मध्ये आलेल्या त्या गाडीची रुंदी आपल्या गाडीइतकीच, म्हणजे १,७३५ मिलिमीटर असल्यामुळे अनेकांना वाटते की ते किट आपल्याला निश्चित बसेल. परंतु स्पोर्टची लांबी ३,८९० मिलिमीटर आहे आणि आपल्या गाडीची ३,८४०. दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मात्र सारखेच, २,४५० मिलिमीटर आहे. याचा अर्थ हा पन्नास मिलिमीटरचा फरक चाकांच्या पुढे आणि मागे, म्हणजे नेमका बंपरांच्या भागात आहे. स्पोर्टच्या मूळ बंपरखाली चिकटवण्यासाठी केलेली लिप, म्हणजे खालच्या कडेची पट्टी, आपल्या बंपरच्या कडेशी जुळणार नाही. संपूर्ण बंपरच बदलणार असाल तर शक्यता अधिक आहे, पण तिथेही ब्रॅकेट आणि क्लिपांच्या जागा पडताळाव्या लागतील. विक्रेत्याच्या माहितीत 'झेडसी ३३ एस' असा संकेत लिहिलेला असेल तर ते किट स्पोर्टचे आहे, हे लक्षात ठेवावे.

आता पडताळणी कशी करावी ते सांगतो. आपल्या गाडीचा बंपर गॅरेजमध्ये उतरवून घ्या आणि दोन्ही हेडलाइटच्या खालच्या कोपऱ्यांमधले अंतर, एका चाकाच्या कमानीपासून दुसऱ्या चाकाच्या कमानीपर्यंतचे अंतर आणि स्क्रूच्या भोकांमधली अंतरे टेप लावून मोजा. बंपर फेंडरला जिथे मिळतो त्या कडेचा जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापून ठेवा. मग विक्रेत्याला तीच मापे प्रत्यक्ष वस्तूवर टेप ठेवून काढलेल्या छायाचित्रांसह मागा. प्रामाणिक उत्पादक हे आनंदाने करतो, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बहुधा ती वस्तू तयारच नसते. गाडी भारतात बनलेली आहे आणि तिची मापे ही आहेत, असे आपल्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहा आणि 'या गाडीला बसेल' असे त्याचे उत्तर जपून ठेवा. पुढे वाद झाला तर आपल्या हाती तेवढाच कागद असेल.

क्रमांकाच्या पाटीचा विचार फारसा कोणी करत नाही. जपानची पाटी ३३० बाय १६५ मिलिमीटरची असते आणि तिथल्या बंपरवरचा सपाट भाग तेवढ्याच मापाचा सोडलेला असतो. आपली उच्च सुरक्षा पाटी ५०० बाय १२० मिलिमीटरची, लांबट असते. ती त्या खोलगट जागेत मावत नाही. दोन्ही बाजूंनी वळणावर उचलली जाते आणि वाऱ्याने थरथरत राहते. शिवाय ही पाटी एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने लावलेली असते, त्यामुळे ती काढून नव्या बंपरवर लावण्याचे काम अधिकृत केंद्राकडूनच करून घ्यावे लागेल. ३४० बाय २०० मिलिमीटरची पाटीही मोटारींना चालते. जपानी बंपरला तीच अधिक सोयीची पडेल.

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे आपल्या गाडीला ते कंपनीकडूनच आले असणार. फायबरच्या नव्या बंपरला त्यांची भोके पाडावी लागतील. ती मूळच्याच उंचीवर आणि मूळच्याच कोनात हवीत. सेन्सर थोडा जरी खाली झुकला तरी त्याला रस्ताच अडथळा वाटतो आणि गाडी मागे घेताना तो सारखा वाजत राहतो. मूळ बंपरमधील सेन्सरचे धारक कापून नव्या बंपरच्या आतून बसवणे हा यावरचा चांगला उपाय आहे.

खर्चाचे गणित वाहतुकीपासून सुरू होते. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतील जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात, आणि आकारमानाचे वजन काढण्यासाठी सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागतात. बंपरचा खोका १८० बाय ६० बाय ५० सेंटिमीटरचा धरला तर ते वजन १०८ किलो होते, मग आतला बंपर सहा-सात किलोंचा का असेना. म्हणून संपूर्ण बंपर सहसा समुद्रमार्गे, इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून आणतात. तिथे आकारणी घनमीटरवर होते. वरचा एक खोका ०.५४ घनमीटरचा होतो, दोन बंपर आणि स्कर्ट मिळून सव्वा-दीड घनमीटर धरा.

समजा माल साठ हजार रुपयांचा आहे आणि बंदरापर्यंतची सागरी वाहतूक व विमा मिळून चाळीस हजार रुपये झाले. सीमाशुल्क या पूर्ण एक लाखावर लागते, फक्त साठ हजारांवर नव्हे. मोटारीचा सुटा भाग म्हणून आकारणी झाल्यास मूळ सीमाशुल्क १५ टक्के, म्हणजे १५,००० रुपये होते. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,५०० रुपये लागतो. झालेल्या १,१६,५०० रुपयांवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो; २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर तो २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे, म्हणजे २०,९७० रुपये. एकूण कर ३७,४७० रुपये आणि माल आपल्याला १,३७,४७० रुपयांना पडला. यात क्लिअरिंग एजंटचे शुल्क, बंदरातील गोदामाचे भाडे, तिथून रत्नागिरीपर्यंतचा ट्रक, रंगकाम आणि फिटिंग धरलेले नाही. माल विमानाने आणल्यास करासाठी वाहतूक खर्च मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरला जातो, पण मुळात विमानाचे भाडेच इतके असते की त्या सवलतीचा उपयोग लहान भागांपुरताच होतो. कुरिअर कंपनी 'वैयक्तिक वापराची वस्तू' या वेगळ्या शीर्षकाखाली माल दाखल करणार असेल तर शुल्काचा दर निराळा असतो. म्हणून कोणत्या शीर्षकाखाली दाखल करणार, हे पैसे भरण्यापूर्वी तिच्याकडून लेखी घ्यावे. स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू आणणाऱ्या व्यक्तीला आयात-निर्यात कोड काढावा लागत नाही. आधार आणि पॅन यांसारखी ओळखपत्रे पुरतात.

माल बहुधा उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात, म्हणजे आपल्या कोकणातच उतरेल, पण म्हणून तो लवकर घरी येईल असे समजू नये. बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) यांतील वर्णन एकसारखे नसेल तर चौकशी लांबते आणि सवलतीचे दिवस संपल्यावर गोदामभाडे रोज चढत जाते. खोका लाकडी असेल तर त्यावर उष्णताप्रक्रियेचा 'एचटी' शिक्का असल्याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्या, कारण प्रक्रिया न केलेल्या लाकडी वेष्टनाला आपल्याकडे प्रवेश नाही.

खोका घरी आला की तो आणणाऱ्या माणसासमोरच चित्रीकरण सुरू करून उघडा. तडा दिसला तर पोचपावतीवर 'माल खराब अवस्थेत मिळाला' असे लिहूनच सही करा. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना सागरी वाहतुकीत तीन दिवसांच्या आत आणि विमान वाहतुकीत चौदा दिवसांच्या आत देण्याची रीत आहे. 'आठवडाभराने सवडीने बघू' असे म्हणण्यास इथे वाव नाही.

यानंतरची गोष्ट मी माझ्या नुकसानीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी एका परदेशी विक्रेत्याकडून पुढचा बंपर मागवला होता. तो दिसायला इतका नेटका होता की मी तो आधी रंगवून घेतला आणि मग गाडीला लावायला घेतला. उजवी बाजू बरोबर बसली, पण डाव्या हेडलाइटखाली बोट आत जाईल एवढी फट राहिली. विक्रेत्याने बीजकावरची एक ओळ दाखवली: रंगवलेला, कापलेला किंवा भोक पाडलेला माल परत घेतला जाणार नाही. जवळजवळ सर्वच उत्पादकांची ही अट असते आणि ती अन्यायाची आहे असे मी म्हणणार नाही. मी ती वाचायला हवी होती. म्हणून आपणास आग्रहाने सांगतो की रंगाच्या आधी संपूर्ण किट कोरडे, म्हणजे चिकटपट्टी आणि दोन-चार स्क्रूंवर गाडीला लावून पाहा, बोनेट आणि दारे उघडून-मिटून पाहा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहा, आणि मगच गाडी पेंटरच्या हाती द्या.

माझे मत विचाराल तर आपण संपूर्ण फायबरच्या बंपरऐवजी मूळ बंपरला जोडली जाणारी, आपल्याच गाडीच्या मापाची लिप आणि स्कर्ट घ्यावेत. आपल्या गाडीखाली १६३ मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि पुढची लिप त्यातील चाळीस-पन्नास मिलिमीटर सहज घेते. नियमाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असते. आपल्या वाड्यांमधले गतिरोधक तसे नसतात, हे आपण रोज अनुभवत असाल. वाडीत उतरणाऱ्या जांभ्याच्या रस्त्याचा उतार जिथे डांबराला मिळतो, त्या सांध्यावर पुढची लिप आधी टेकते. तिथे मूळ प्लास्टिक वाकून पूर्ववत होते, पण फायबर वाकत नाही, ते तडकते.

प्रश्न: आमची फायबरची होडी आहे आणि तिची दुरुस्ती गावातलाच कारागीर करतो. बॉडी किटही फायबरचेच असते, मग तडा गेल्यास त्याच्याकडून दुरुस्त करून घेता येईल का? आणि मित्राच्या परदेशी बंपरवरून साचा काढून त्याच्याकडूनच नवा बंपर करून घेतला तर काय बिघडेल?
— एक वाचक, मालवण

उत्तर: पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, आणि कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा मोठाच आधार आहे. काचतंतूंची मॅट, पॉलिएस्टर रेझिन, हार्डनर आणि वरचा जेलकोट ही सामग्री होडीची आणि बंपरची एकच आहे. घाटावरच्या शहरात ज्या कामासाठी 'तज्ज्ञ' शोधावा लागतो, ते काम आपल्या बंदरावर रोज चालते.

एका होडीच्या कारागिराने माझ्यासमोर नवा कोरा परदेशी बंपर तपासला, ती रीत इथे सांगण्यासारखी आहे. त्याने खिशातून नाणे काढले आणि बंपरच्या कडेने बोटभर अंतरावर ते हलकेच आपटत नेले. आवाज टणक, एकसारखा येत होता. धुक्याच्या दिव्याच्या कोपऱ्यापाशी तो एकदम मेलेला, पोकळ आला. तिथे त्याने पेन्सिलने गोल काढला, तसेच आणखी तीन ठिकाणी गोल निघाले, आणि मग कानशीने एका गोलातला जेलकोट अलगद खरवडला. खाली तांदळाच्या दाण्याएवढ्या पोकळ्या होत्या. मॅट दाबताना हवा आतच राहिली होती. अशा पोकळ्या रंगानंतर उन्हात फुगतात किंवा फुटून खड्डा पडतो. रंगाआधी त्या उघडून भरल्या तर काहीही बिघडत नाही. खोका उघडल्यावर ही परीक्षा प्रत्येकाने करावी. तिला एक नाणे आणि अर्धा तास लागतो.

कारागिराला मात्र एक गोष्ट आठवणीने सांगा. त्याचा हात होडीचा आहे आणि होडीत जाडी म्हणजे सुरक्षितता. बंपरची जाडी दोन-तीन मिलिमीटरच असते. त्याने सवयीने चार थर चढवले तर बंपर जड होईल आणि रेझिन आवळताना कड वाकडी होईल. दुरुस्ती मागच्या बाजूने, पातळ मॅटने करावी आणि रेझिन पूर्ण सुकेपर्यंत बंपर गाडीला लावून ठेवावा, म्हणजे तो आकार सोडत नाही. साच्यातून काढताना लावलेले मेण नव्या भागावर राहिलेले असते, तेही रंगाआधी नीट पुसून आणि घासून काढले पाहिजे, नाहीतर प्रायमर धरत नाही.

साच्याविषयी मी आपल्याला परावृत्त करीन. पॉलिएस्टर रेझिन सुकताना थोडे आक्रसते. मूळ भागावरून साचा, साच्यातून नवा भाग असे दोनदा आक्रसल्यावर लांबट बंपरच्या टोकांना तो फरक दिसू लागतो आणि धारदार रेषा बोथट होतात. बाजारातील स्वस्त नकली किट नेमकी याच कारणाने बसत नाहीत. शिवाय ज्याने महिनोन्‌महिने मातीचा नमुना घडवून ती रेषा काढली, त्याच्या कष्टांवर असा हात मारणे मला योग्य वाटत नाही. आपल्या कारागिराकडे एवढे कौशल्य असेल तर त्याच्याकडून आपल्या गाडीसाठी स्वतंत्र लिप घडवून घ्या. ते काम मला पाहायलाही आवडेल.

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून तो परदेशातून किट मागवणार आहे. विक्रेता संपूर्ण रक्कम आगाऊ मागतो, ती एका व्यक्तीच्या खात्यावर पाठवायला सांगतो, आणि कर वाचावा म्हणून बीजकावर 'भेटवस्तू' लिहून किंमत कमी दाखवतो असे म्हणतो. मला हे बरे वाटत नाही. मी उगीच काळजी करते आहे का?
— एक आई, चिपळूण

उत्तर: आपली काळजी अगदी रास्त आहे. आपण सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एक जरी असती तरी मी थांबायला सांगितले असते. इथे तीनही एकत्र आहेत. हा व्यवहार करू नये.

कंपनीशी व्यवहार असेल तर खाते कंपनीच्याच नावाचे असले पाहिजे. प्रोफॉर्मा (विक्रीआधी दिल्या जाणाऱ्या) बीजकावर कंपनीचे पूर्ण नाव, पत्ता, भागांची यादी, कशापासून बनवले आहे, किती दिवसांत पाठवणार आणि वाहतूक कुठपर्यंत त्यांच्या खर्चाने, हे सारे असावे. विक्रेता जपानचा असेल तर तिथल्या प्रत्येक कंपनीला तेरा आकडी क्रमांक असतो आणि तो तिथल्या राष्ट्रीय कर संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. चिरंजीवांना तो क्रमांक विक्रेत्याकडे मागायला सांगा. खऱ्या कंपनीला तो देण्यात अडचण नसते. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरावेत, कारण माल न आल्यास बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागण्याचा मार्ग त्यात राहतो. खात्यावर थेट पाठवलेले पैसे परत आणणे फार कठीण असते. ऑर्डरनंतर किट बनवून देणारे उत्पादक आगाऊ रक्कम मागतात हे खरे, पण अर्धी आधी आणि उरलेली तयार मालाची छायाचित्रे पाहिल्यावर, अशी विभागणी मागण्यात काही वावगे नाही. मध्येच 'आमचे बँक खाते बदलले आहे' असा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी; ईमेल चोरून असे पैसे वळवण्याचे प्रकार होतात.

किंमत कमी दाखवण्याचे म्हणाल, तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार चुकीची किंमत घोषित केलेला माल जप्त होऊ शकतो आणि दंड आयात करणाऱ्याला, म्हणजे आपल्या मुलाला होतो, विक्रेत्याला नाही. त्याशिवाय माल वाटेत फुटला तर विम्याची भरपाई बीजकावर लिहिलेल्या कमी किमतीचीच मिळेल. मुलाला हे रागावून नव्हे, तर समोर बसवून दाखवा. मेहनतीचे पैसे आहेत, तो समजून घेईल.

प्रश्न: माझ्याकडे पाच दारांची जिम्नी आहे. जपानमध्ये जिम्नीसाठी असंख्य किट मिळतात. त्यांतले कुठले चालेल?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर: जपानमध्ये जिम्नी तीन प्रकारची आहे. केई, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान गाड्यांच्या वर्गातील छोटी जिम्नी १,४७५ मिलिमीटर रुंद आहे. तिचे काहीही आपल्याला बसणार नाही. तीन दारांची सिएरा आपल्या गाडीइतकीच, १,६४५ मिलिमीटर रुंद आहे, पण तिच्या चाकांमधले अंतर २,२५० मिलिमीटर आणि आपल्या गाडीचे २,५९० आहे. म्हणून सिएराचे पुढचे भाग मापे पडताळून घेता येतील, पण बाजूचे भाग मुळीच नाहीत. तिसरी नोमेड. २०२५ मध्ये जपानमध्ये आलेली ही गाडी आपल्याच देशात बनून तिकडे जाणारी पाच दारांची जिम्नी आहे. आपण नोमेडसाठी केलेलीच किट पाहा.

प्रश्न: बॉडी किट लावणे कायद्याने गुन्हा आहे का? आणि अपघात झाल्यास विमा मिळतो का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल म्हणजे 'फेरफार', असा अर्थ त्याच कलमात दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच तत्त्व ठामपणे सांगितले. नियमात न बसणारा फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२ अ खाली प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात.

माझ्या वाचनाप्रमाणे मूळ बंपरखाली स्क्रूने लावलेली आणि सहज काढता येणारी लिप ही एका टोकाला आहे, तर फेंडर कापून गाडी रुंद करणारे 'वाइडबॉडी' किट दुसऱ्या टोकाला आहे. पहिलीने गाडीची रचना बदलत नाही. दुसरीने गाडीचा पत्राच कापला जातो, रुंदी वाढते आणि टायर बाहेर येतात. ते रस्त्यावर चालवायच्या गाडीला करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लोखंडी क्रॅश गार्ड तर किटच्या नावाखालीही लावू नका; त्यांच्यावर कारवाई करण्याचे निर्देश केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिले आहेत. मधल्या प्रकारांबाबत शंका असेल तर किटची छायाचित्रे जोडून सिंधुदुर्गच्या परिवहन कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा आणि उत्तर गाडीत ठेवावे. तोंडी 'चालेल' या शब्दाचा नाक्यावर उपयोग होत नाही.

विम्याचे असे आहे की किट बसवल्याबरोबर बीजकासह कंपनीला कळवून त्याची किंमत पॉलिसीत 'अॅक्सेसरी' म्हणून नोंदवून घ्यावी लागते. थोडा हप्ता वाढतो. न कळवल्यास किटची भरपाई तर मिळत नाहीच, शिवाय मूळ दाव्यावरही वाद उभा राहतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि काचतंतूंच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. म्हणून बीजकावर 'बॉडी किट' एवढेच न लिहिता ते कशाचे आहे तेही लिहून घ्या. गाडीच्या बंपरमागे आसपासची वाहने टिपणारे रडार असेल तर कार्बन फायबरचा भाग त्याच्यासमोर येऊ देऊ नका, कारण कार्बनमधून रडारच्या लहरी जात नाहीत.

प्रश्न: आता ऑर्डर दिली तर गणपतीपर्यंत गाडी तयार होईल का? मुंबईहून सगळे येणार आहेत.
— एक वाचक, लांजा

उत्तर: आपला उत्साह समजतो, पण घाई करू नका. ऑर्डरनंतर बनणारे किट, सागरी प्रवास आणि बंदरातील कागदपत्रे यांतच काही महिने जातात, आणि ऑगस्टच्या मध्यावर जपानमध्ये ओबोन सणामुळे बहुतेक कारखाने बंद असतात. माल वेळेवर आला तरी तो आपल्या भर पावसात येईल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात, उघड्या शेडमध्ये, त्या दमट हवेत फायबरवर रंग मारला तर तो पांढुरका पडतो आणि बारीक छिद्रे धरतो. नवे फायबर रंगाआधी काही दिवस कडक उन्हात तापवून घ्यावे लागते, म्हणजे आत राहिलेले वायू बाहेर पडतात. श्रावण-भाद्रपदात असे ऊन आपल्याकडे मिळत नाही.

किट दसऱ्याच्या सुमारास हाती येईल अशा बेताने मागवा आणि रंगकाम दिवाळीनंतर करा. फिटिंगच्या वेळी पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला आधी प्रायमर आणि रंगाचा हात द्यायला सांगा. बाजारातील साधे स्क्रू खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून पांढऱ्या रंगावर तांबडे ओघळ सोडतात. होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू मिळतात, ते घेऊन जा आणि पेंटरच्या हाती स्वतः द्या.